आंबोलीचा टिंक-टिंक बेडूक आणि काकूंचा बल्ब

पुण्याहून निपाणी, आजरा करत आंबोली गाठली, वाटेत नुसता पाऊस, प्रवासाचं एवढंच. मला लिहायचंय ते तिथल्या दोन रात्रींबद्दल, कारण घरी येऊन आठ दिवस झाले तरी पहिल्या रात्रीचा राग उतरलेला नाही.

जुलैचा दुसरा आठवडा होता, मी आणि माझी आत्येबहीण. आम्हाला बघायचा होता आंबोली बुश फ्रॉग, म्हणजे झुडपांवर राहणारा छोटा बेडूक. शास्त्रीय नाव स्यूडोफिलॉटस आंबोली, म्हणजे गावाचंच नाव त्याला दिलंय. 2009 साली एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसायट या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या 12 नव्या बुश फ्रॉगची एकत्र नोंद केली, त्यातला हा एक. साडेतीन सेंटीमीटरच्या आसपासचा जीव. याचे बहुतेक भाऊबंद श्रीलंकेत आहेत, आणि हा स्वतः पश्चिम घाट सोडून जगात कुठेच नाही. मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे याच्या पिल्लांना डबकं लागतच नाही. अंडी पाण्याबाहेर, आणि शेपटीवाल्या पिल्लाची पायरीच गाळून अंड्यातून थेट चिमुकला बेडूक बाहेर! मात्र त्यासाठी सगळीकडे ओल टिकली पाहिजे आणि ती आंबोलीच्या पावसात, धुक्यात टिकते.

तर पहिल्या रात्री आम्ही एका ग्रुपबरोबर जंगलात गेलो. चौदा जण, चौदा टॉर्च. जळवा चढत होत्या त्याचं काही नाही, तेवढं चालायचंच. बराच वेळ चिखलात उभं राहिल्यावर आवाज आला, आधी एक लांबट ट्रीऽऽऽंक, मग टिंक टिंक टिंक, स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवावा तसा. अंगावर काटा आला. गुडघ्याएवढ्या झुडपावर नर बसला होता, मादीला बोलावत होता. आणि आमच्यातल्या एकाने, मोठा कॅमेरा गळ्यात, सरळ दोन बोटांत उचलला त्याला. म्हणे पान कुरतडलेलं आहे, फोटो चांगला येणार नाही. दुसऱ्या हिरव्यागार पानावर ठेवला, तो उडी मारून खाली गेला की परत उचलायचा, असं चार वेळा, आणि बाकीचे फ्लॅश मारतायत. त्या हातांना डासांचं क्रीम लावलेलं होतं हो, माझ्यासमोरच लावलं होतं! बेडूक कातडीतून श्वास घेतो, कातडीतूनच पाणी पितो, आपल्या हाताला जे असेल ते थेट त्याच्या अंगात जातं. नेणाऱ्या माणसाने हूं की चूं केलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही नाही केलं. तोंडापर्यंत आलं होतं, पण पैसे भरून आलोय, नवी माणसं आहेत, कशाला वाद, असं म्हणून गप्प बसले, ते आता खातंय मला. तो बेडूक नंतर ओरडलाच नाही. आम्ही तिथून निघेपर्यंत एकदाही नाही.

दुसरा दिवस शनिवार. धबधब्यावरची गर्दी, गाडीतून लावलेली गाणी, यावर मी काही लिहीत नाही. परत येताना ओल्या रस्त्यावर चिरडलेले बेडूक मात्र मोजत होते, नऊनंतर मोजायचं सोडून दिलं.

रात्री जेवायला बसलो तेव्हा ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंना सगळं सांगितलं. गरम भाकरी पानात टाकत त्या म्हणाल्या, "बेडूक बघूक इतक्या लांबसून इलास? तो आमच्या परसात रोज वरडता!"

ताट तसंच ठेवून मागच्या दारी गेलो. धुण्याच्या दगडापलीकडे जास्वंद, तिच्याखालच्या झुडपातून ट्रीऽऽऽंक. मी वाकले, एक छोटा टॉर्च ओढणीत गुंडाळून धरला, हात लांब ठेवले. मातकट तपकिरी अंग, पाठीवर पावसाचे थेंब न ओघळता तसेच बसलेले, बोटांच्या टोकाला चपटे गोल, त्यांनी पान घट्ट धरलेलं. ओरडताना गळ्याखाली बोराएवढा फुगा यायचा, इतका पातळ की टॉर्चचा उजेड आरपार दिसत होता, आणि प्रत्येक टिंकला ते पान जरासं हलायचं. त्याच्या अख्ख्या अंगापेक्षा तो आवाज मोठा होता. फोटो काढलाच नाही, काढावासा वाटला नाही.

तेवढ्यात मागून खटका वाजला. काकूंनी परसातला बल्ब बंद केला होता. "तेका उजेड नको," एवढंच म्हणाल्या आणि पायरीवर आमच्या शेजारी येऊन बसल्या. पलीकडून दुसरा ओरडायला लागला, मग तिसरा.