भट्टीची जुनी इमारत

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी १९७४ पासून आहे, त्यामुळे आमच्या पिढीनं गावातली भट्टी चालू कधी पाहिलीच नाही, पण तिची इमारत अजून उभी आहे आणि खरं सांगू, गावात तिच्याइतकं पक्कं बांधकाम दुसरं नाही! इंग्रजांच्या काळात दुकानांचे लिलाव व्हायचे, ठेका मिळाला की बऱ्याच भागांत त्याच जागी मोहफुलं सडवून दारू गाळायची आणि तिथंच विकायची. सरकारला घरबसल्या महसूल, बाकी गावाचं काही का होईना.

म्हणूनच की काय इमारतीचे दोन भाग. समोर ओसरी, सागवानी खांब, लोक बसायला दगडी ओटा. मागची खोली आंधळी, भिंती हातभर जाड, चुन्यातल्या, आणि वर कौलांखाली चारी बाजूंनी झरोके, कारण चूल पेटली की धूर अन वाफ जायला वाट पाहिजे ना. शेजारीच विहीर, म्हणजे वाफ थंड करायला पाणी हाताशी. मला तर ते झरोकेच सगळ्यात भारी वाटतात, भर मे महिन्यात आत कूलर लागत नाही.

आता तिथं कापूस अन तुरीचे पोते ठेवतात. आबाजींना म्हटलं जरा कौलं फेरून घ्या, तर म्हणे, "काहून बापा, पुन्हा सुरू करतं का?"