ई४६ एम३: एसएमजी काढून क्लच पेडल बसवण्याचं काम कुठवर आलं

ई४६ पिढीची ही बीएमडब्ल्यू एम३ एसएमजीची, म्हणजे पेडलशिवाय यंत्राने क्लच दाबून गिअर बदलणारी; ती यंत्रणा काढून साधं क्लच पेडल बसवतोय. सद्यस्थिती आधी. गिअरबॉक्स खाली उतरवून डिटेंट (गिअर जागेवर धरणारे स्प्रिंग आणि पिन) बदलले, नवा क्लच घातला आणि बॉक्स पुन्हा इंजिनाला लावला. पेडल बसलं, क्लचचं हायड्रॉलिक्स ब्लीड झालं, म्हणजे त्यातली हवा काढून झाली, गिअर लिव्हर सहाही गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये नीट जातो. उरलंय वायरिंगचं शेवटचं टोक आणि डीएमईचं, म्हणजे इंजिनाच्या कंट्रोल युनिटचं, फ्लॅशिंग (नवा प्रोग्राम घालणं). गाडी २००४ची, उजव्या स्टिअरिंगची, ब्रिटनमधली कूपे.

हे काम इतर गाड्यांच्या मानाने सोपं का, तर एसएमजी-२ हा वेगळा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नाहीच. मॅन्युअल एम३मधला तोच गेट्राग ४२० जी बॉक्स, त्याच सहा गिअरचे तेच रेशो: ४.२२७, २.५२८, १.६६९, १.२२६, १.०००, ०.८२८. मागचा डिफरन्शियल रेशोही मॅन्युअल आणि एसएमजी दोन्ही गाड्यांत ३.६२. क्लचही कोरडा, एकच प्लेट असलेला. फरक एवढाच की तो क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह आणि एक कंट्रोल युनिट करतं. म्हणून गिअरबॉक्स विकत घ्यावा लागत नाही, प्रॉपेलर शाफ्टही तोच राहतो. ई६० एम५मधल्या सात गिअरच्या एसएमजी-३बाबत असं म्हणता येत नाही. तिथे सहा गिअरचा अख्खा बॉक्सच दुसरा आणावा लागतो.

ऑटोमॅटिकशी आमचं भांडण नाही. सेव्हन सिरीजसारख्या आलिशान गाडीत झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) बॉक्सच हवा. रांगत्या वाहतुकीत त्याच्याइतकं गुळगुळीत काही चालत नाही, आणि पुढे एफ९० पिढीच्या एम५नेही ड्युअल क्लच (दोन क्लच आळीपाळीने वापरणारा बॉक्स) सोडून तोच घेतला. वेगच मोजायचा असेल तर पोर्शच्या पीडीके या ड्युअल क्लच बॉक्सपुढे माणसाचा हात हरतो. तरीही २०१३ची ९११ जीटी३ फक्त पीडीकेवर आली, आणि २०१६च्या ९११ आरमध्ये सहा गिअरचा मॅन्युअल देऊन ९९१ गाड्या काढल्यावर पुढच्याच वर्षी जीटी३लाही मॅन्युअल परत मिळाला. अॅस्टन मार्टिनने तर जुन्या व्हँक्विशचा स्वयंचलित क्लच काढून मॅन्युअल बसवून द्यायची सोय आपल्याच वर्क्समध्ये केली. या सगळ्यात एक क्लच असलेला स्वयंचलित मॅन्युअल मात्र अधांतरी राहतो. तो शहरात टॉर्क कन्व्हर्टरसारखा मऊ चालत नाही आणि ट्रॅकवर ड्युअल क्लचइतका झपाट्याने बदलत नाही. बीएमडब्ल्यूचा दावा ८० मिलिसेकंदांत गिअर बदलण्याचा होता, पण ० ते १०० किलोमीटरचा आकडा मॅन्युअल आणि एसएमजी दोन्हींचा ५.२ सेकंदच छापलेला आहे.

काढण्याआधी दुरुस्ती तपासा

एसएमजी बिघडला की लगेच रूपांतराकडे वळू नका. ड्रायव्हरचं दार उघडलं की पंप काही सेकंद चालू होऊन थांबायला हवा. आवाजच येत नसेल तर पंपाचा रिले आधी बदलून पाहा, सगळ्यात स्वस्त भाग तोच. रिले चांगला असून पंप गप्प असेल तर मोटर गेली. प्रत्येक गिअर बदलल्यावर पंप पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर दाब साठवणारा अॅक्युम्युलेटर मेलेला असतो, आणि त्याच्यापायी पंपावर ताण येऊन पुढे मोटरही जळते. थांबल्यावर गिअर न्यूट्रलला पडत असेल तर क्लचच्या किंवा गिअरच्या पोझिशन सेन्सरचे कोड वाचा. यातली एकच गोष्ट नादुरुस्त असेल आणि गाडीत बाकी सगळं मूळचं असेल, तर आमचं मत दुरुस्तीच्याच बाजूने आहे. पंप, अॅक्युम्युलेटर आणि क्लच एकदमच खराब झाले असतील तर त्या खर्चात रूपांतराचे बरेचसे भाग येतात.

बॉक्स उतरवताना

एसएमजीची कुठलीही नळी सोडण्याआधी डायग्नोस्टिकमधून सिस्टिमचा दाब उतरवा. इंजिन बंद करून तासभर थांबलं तरी अॅक्युम्युलेटरमध्ये दाब असतो. नळी तशीच सैल केली तर तेल थेट तोंडावर उडतं. हे तेल पेंटोसिन सीएचएफ ११एस, ब्रेकचं तेल नव्हे. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

एक्झॉस्ट आणि उष्णतारोधक पत्रे काढले की प्रॉपेलर शाफ्टची रबरी डिस्क दिसते. शाफ्ट सोडण्याआधी डिस्क, फ्लँज आणि शाफ्ट यांवर रंगाच्या खुणा करा, म्हणजे बॅलन्स बिघडत नाही. बेल हाउसिंगचे (क्लच झाकणाऱ्या, गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या भागाचे) बोल्ट बाहेरून टॉर्क्स डोक्याचे आहेत. वरचे बोल्ट वरून दिसतच नाहीत. मागचा क्रॉस मेंबर काढून गिअरबॉक्सचं शेपूट जॅकवर हळूहळू खाली आणायचं आणि लांब एक्स्टेंशनला लवचिक सांधा लावून मागच्या बाजूने पोहोचायचं. सॉकेट पूर्ण बसल्याची खात्री झाल्याशिवाय जोर लावू नका. अॅल्युमिनियमच्या बेल हाउसिंगवर त्या कोपऱ्यात डोकं झिजलेला बोल्ट काढणं म्हणजे अख्खा दिवस गेला.

शाफ्ट खाली असतानाच मागच्या सबफ्रेमच्या बसवणीचा पत्रा दिव्याखाली पाहून घ्या. ई४६मध्ये तिथे तडे जातात, आणि तडा सापडला तर गिअरबॉक्सचं काम थांबवून आधी तो पत्रा दुरुस्त करायचा.

डिटेंट: बहुतेक जण इथेच घाई करतात

एसएमजीच्या बॉक्समध्ये सिलेक्टर शाफ्ट हायड्रॉलिक अॅक्च्युएटर फिरवतो. त्याला हाताच्या जाणिवेची गरज नाही. तो सेन्सर पाहून शाफ्ट नेमक्या जागी नेतो. त्यामुळे शाफ्टला जागेवर धरणारे स्प्रिंग आणि पिन वेगळ्या हिशेबाचे असतात. ते तसेच ठेवून वर लिव्हर लावला तर लिव्हर तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या रांगेत आपोआप परतत नाही, लोंबकळत राहतो. त्याहून वाईट म्हणजे रिव्हर्सची अडवणूक जाणवत नाही. या बॉक्सचा रिव्हर्स पहिल्याच्या शेजारी, डावीकडे वर असतो. दुसऱ्यातून पहिल्यात येताना हात जरा डावीकडे गेला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

म्हणून मॅन्युअलच्या बॉक्सचे डिटेंट मागवून घातले. भाग मागवताना गाडीचा नव्हे, मॅन्युअल एम३चा चॅसी नंबर देऊन कॅटलॉग पाहा, नाहीतर दुकानातला माणूस पुन्हा एसएमजीचेच भाग काढून देतो. जुना पिन आणि नवा पिन टेबलावर शेजारी ठेवून लांबी आणि स्प्रिंगची ताकद हाताने दाबून पाहा. फरक लगेच कळतो. बॉक्स बाहेर असताना हे काम आरामात होतं. खाली झोपून, गाडीला लावलेल्या बॉक्सवर, ते शिक्षा आहे.

याच वेळी सिलेक्टर शाफ्टचं तेल सील, इनपुट शाफ्टचं सील आणि मागचं आउटपुट सील बदललं. रिव्हर्स लाइटचा स्विच मॅन्युअल बॉक्सचा लागतो. एसएमजीमध्ये ते भोक बुचाने बंद केलेलं असतं. तेल भरताना आधी भरायचं बूच सुटतं का ते पाहा, मगच खालचं निचऱ्याचं काढा. दोन लिटर तेल हाताशी ठेवा आणि गाडी सपाट असताना भरण्याच्या भोकातून ओघळू लागलं की थांबा.

क्लच आणि फ्लायव्हील

ड्युअल मास फ्लायव्हील हाताने दोन्ही दिशांना फिरवून पाहिलं. ग्रीस बाहेर आलेलं असेल, किंवा दोन वजनांमध्ये खडखड होणारी मोकळीक असेल, तर ते पुन्हा वापरू नये. हलकं सिंगल मास फ्लायव्हील बसवण्याचा मोह होतो, पण या बॉक्समध्ये न्यूट्रलला क्लच सोडल्यावर गिअरांची खडखड येते आणि रस्त्यावरच्या गाडीत ती सतत ऐकावी लागते. आम्ही ड्युअल मासच ठेवलं.

फ्लायव्हीलचे बोल्ट एकदाच वापरायचे. नवेच घ्या. प्रेशर प्लेटचे एम८ बोल्ट डोक्यावरचा आकडा पाहून आवळा: ८.८ असेल तर २४ न्यूटन मीटर, १०.९ असेल तर ३४. प्लेट तिरपी होऊ नये म्हणून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे घ्यायचे. प्लेट आपोआप जुळवून घेणाऱ्या जातीची असेल तर तिचं खास दाबयंत्र वापरा. ते न वापरता बोल्टनेच प्लेट ओढली तर जुळवणारी रिंग आधीच सरकते आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून चुकीच्या उंचीवर पकडतो. पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग, फोर्कचा टेकू पिन आणि इंजिनाचं मागचं मेन सील हे सगळं आत्ताच. इनपुट शाफ्टच्या दात्यांवर ग्रीस नखभर. जास्त लावलं तर ते फिरत्या प्लेटवर उडतं आणि क्लच घसरतो.

हायड्रॉलिक्स

जुना स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लचचा फोर्क ढकलणारा) वापरता येत नाही. त्यात सीएचएफ तेल फिरत होतं आणि त्याची रबरं त्याच तेलाची आहेत. मॅन्युअलचा स्लेव्ह डीओटी ४ ब्रेक फ्लुइडवर चालतो. दोन तेलं मिसळली की रबर फुगतं, पिस्टन अडकतं. पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर, नळ्या, स्लेव्ह सगळं मॅन्युअलचं, कोरडं आणि नवं घेतलं. क्लचचं तेल ब्रेकच्याच रिझर्व्हॉयरमधून येतं. तुमच्या रिझर्व्हॉयरवर त्या नळीचं तोंड बंद साच्याचं असेल तर ते कापत बसण्यापेक्षा मॅन्युअलचं रिझर्व्हॉयर घ्या. प्लॅस्टिकचा एक कण मास्टरमध्ये गेला तरी सील कापतं.

मूळच्या लाइनमध्ये क्लच सावकाश सोडणारा एक झडपेचा तुकडा असतो. तो आम्ही लावलेला नाही. पायाला क्लच कुठे पकडतो ते त्याच्याशिवाय नेमकं कळतं.

ब्लीड करताना नुसतं पेडल मारून भागत नाही, स्लेव्हच्या वरच्या टोकाला हवा अडकते. बेल हाउसिंगपासून स्लेव्ह सोडवला, ब्लीड निपल वर केलं, पिस्टनचा दांडा पूर्ण आत दाबून धरला आणि रिझर्व्हॉयरला दीड बारचा दाब देऊन तेल काढलं. बुडबुडे थांबले की निपल बंद करून मग दांडा सावकाश सोडायचा. स्लेव्ह लोंबत असताना कुणी पेडल दाबलं तर दांडा उडून बाहेर येतो, म्हणून पेडलमागे लाकडाचा ठोकळा ठेवा. हवा राहिल्याची खूण अशी: इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात, सुरू केलं की रिव्हर्स घासतो.

प्रॉपेलर शाफ्ट परत लावताना

रबरी डिस्कवरचे बाण फ्लँजच्या हातांकडे असले पाहिजेत. आवळताना बोल्टचं डोकं स्थिर धरून नटच फिरवा, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत बसतं आणि लवकर फाटतं. मधल्या बेअरिंगचा ब्रॅकेट घट्ट करण्याआधी ४ ते ६ मिलिमीटर पुढे सरकवायचा. हे विसरलं की गाडी जागेवरून निघताना खालून घरघर येते, आणि लोक उगाच नव्या क्लचला दोष देतात.

लिव्हर, सिलेक्टर रॉड, त्याचा सांधा आणि आधाराचा हात सगळं मॅन्युअलचं. रॉडच्या दोन्ही टोकांच्या प्लॅस्टिक वॉशर नव्या घाला, लिव्हरची सैल हालचाल तिथूनच येते.

आता काय उरलं

एसएमजीचं कंट्रोल युनिट गाडीत स्टार्टरला परवानगी देतं आणि रिव्हर्स लाइटचा संकेतही तेच पाठवतं. ते काढलं की इंजिन फिरत नाही. त्यामुळे स्टार्टरचा मार्ग जोडून द्यायचा, रिव्हर्स स्विचच्या दोन तारा वर ओढायच्या आणि क्लच पेडलचा स्विच डीएमईकडे न्यायचा. हा स्विच टाळू नका. तो नसेल तर क्रूझ कंट्रोल चालू असताना क्लच दाबला की इंजिनाचे आरपीएम भडकतात. तारा सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली आहे. गिअरबॉक्सच्या बोगद्यात गरमी असते, टेप तिथे टिकत नाही.

नंतर कोडिंग. वाहनाच्या ऑर्डरमधून (गाडीत काय काय बसवलंय त्या साठवलेल्या यादीतून) एसएमजी काढायचं, आणि ही नोंद इन्स्ट्रुमेंट क्लस्टर आणि लाइट मॉड्यूल अशा दोन ठिकाणी असते, दोन्हीकडे बदलायची. मग क्लस्टर आणि डीएससी (गाडी घसरू न देणारी स्थिरता प्रणाली) नव्याने कोड करायचे. डीएमईत मॅन्युअलचा प्रोग्राम घालायचा. डीएमई तोच राहत असल्याने इमोबिलायझरची (चोरीरोधक यंत्रणेची) जोडी तुटत नाही. आधी मूळ फाइल वाचून जपून ठेवायची आणि फ्लॅश करताना बॅटरीला स्थिर पॉवर सप्लाय लावायचा, साधा चार्जर नव्हे. मध्येच व्होल्टेज पडलं तर डीएमई बाकावर उघडून वाचवावा लागतो.

ब्रिटनमधल्या मंडळींसाठी: हा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. आणि घरात कुणाचं लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं असेल, तर क्लच पेडल बसल्यापासून ती व्यक्ती ही गाडी चालवू शकत नाही. एसएमजी असताना चालवू शकत होती.

फ्लॅश झाल्यावर पहिले ८०० किलोमीटर शहरातच, जोरात लाँच न करता, क्लच बसू द्यायचा. त्यानंतर बेल हाउसिंगखालचं भोक, स्लेव्हचा सांधा आणि आउटपुट सील टॉर्चने पाहून पुढची नोंद लिहू.