मुरानोच्या नावाखाली बोहेमिया

आज प्रागमधील जुन्या बाजारात एका विक्रेत्याने जांभळी-हिरवी फुलदाणी ‘मुरानो’ (व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरची प्रसिद्ध इटालियन काच) म्हणून पुढे केली. पण तिचे जड बूड आणि काठाशी ओढून टोकदार केलेली काच पाहता ती चेक देशातल्या उत्तर बोहेमिया भागातील ख्रिब्स्का काच कारखान्याची, बहुधा तिथले रचनाकार योसेफ होस्पोडका यांच्या आराखड्याची असावी असे मला वाटले. कागदी लेबल गळून पडले की हे काम सर्रास इटलीच्या नावावर खपते, आणि भावही इटलीचाच लागतो! मी मात्र स्क्लो युनियन या चेकोस्लोव्हाकियातील सरकारी काच-उद्योगसमूहाच्या काळातली, साच्यात दाबून घडवलेली फुलदाणी घेतली, जिच्या अंगावर साच्याच्या सांध्याची बारीक रेघ बोटाला लागते. फ्रांतिशेक विझनेर यांच्यासारख्या कलावंतांनी अशा स्वस्त काचेसाठीही आराखडे काढले, याचे मला १९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनातील चेक काचेच्या गौरवापेक्षा अधिक अप्रूप आहे. तळाशी साचलेला पाण्याचा पांढरा थर आता व्हिनेगरने काढायचा आहे.