खाकी रंगाची जागा

फुलपाखरू, मोर, गोल नक्षीचं मंडल. आकड्यांवरून रंग भरायच्या तयार चित्रांना काकांनी हात लावला नाही. "ही पोरांची कामं हायती, मॅडम," म्हणाले आणि टॅब बाजूला सारला.

काका सातारा भागातले, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मेंदूच्या उजव्या भागात झटका आलेला. बोलणं स्वच्छ, उजवा हात शाबूत, डावी बाजू लुळी. त्याहून अवघड म्हणजे डावीकडचं जग त्यांच्या लेखी उरलंच नव्हतं. अशा पेशंटची नजर चांगली असते, पण डावीकडच्या गोष्टींची मेंदू दखलच घेत नाही. डावीकडून हाक मारली तरी काका उजवीकडे शोधायचे. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. डावीकडे शोधायची सवय पुन्हा लावणं माझं काम, आणि ते नुसतं सांगून होत नाही. "डावीकडे बघा" म्हटलं की बघतात, लगेच विसरतात. शोधायला कारण लागतं.

त्यांच्या मुलाकडे एक जुना फोटो निघाला. डेपोत उभी लाल गाडी, समोरून काढलेली, आणि स्टिअरिंगवर काका. गाडी समोरून पाहिली की ड्रायव्हरची बाजू आपल्या डाव्या हाताला येते. मला अगदी असाच फोटो हवा होता.

फोटोत रंगांच्या हजारो छटा असतात. सॉफ्टवेअर जवळच्या छटांचे गट करतं, गटाला त्याचा सरासरी रंग देतं आणि प्रत्येक सलग तुकड्यावर आकडा टाकतं. मी बाराच रंग ठेवले. जास्त ठेवले तर पत्र्यावर पडलेल्या उन्हाचेसुद्धा बारीक तुकडे होतात, त्यात बोट नेमकं पडत नाही. पण बारा रंगांत काकांचा खाकी शर्ट डेपोच्या धुळीत मिसळून गेला. सॉफ्टवेअरच्या हिशोबात तो शर्ट म्हणजे चार ठिपके. मग मूळ फोटोत तेवढाच भाग निवडून खाकी गडद केली, शर्टाचा आकार जरा वाढवला आणि बारातला एक रंग त्याच्यासाठी राखून ठेवला. आपल्या फोटोवरून चित्र करताना खरी मेहनत इथंच करावी, असं मला मनापासून वाटतं. कुठला रंग जाऊ द्यायचा आणि कुठला नाही, हे त्या माणसाला ओळखणाऱ्यानंच ठरवावं.

चित्राच्या डाव्या कडेला एक जाड उभी पट्टी टाकली. अशा पेशंटना वाचायला देताना पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ मारतात आणि ती दिसेपर्यंत मान वळवायला लावतात. इथं गाडीच लाल, म्हणून पट्टी पिवळी. झूम बंद ठेवलं, नाहीतर चित्र सरकवलं की डावी बाजू आयती मध्ये येते.

त्या दिवशी मी नेहमीसारखी त्यांच्या डावीकडे बसले. चित्र उघडलं आणि काका ताठ झाले. "आमची गाडी!" उजवीकडचा हेडलाइट भरला, दाराकडची काच भरली, अर्धा बंपर भरला. तोंडानं गप्पा चालूच. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, हेही ऐकवून झालं. मग बोट गाडीच्या मधोमध थांबलं.

"झालं."

अर्धी गाडी अजून पांढरी होती. मी म्हटलं, "काका, हा एक रंग राहिलाय बघा."

त्यांनी खाकीवर बोट ठेवलं. रंग निवडला की त्याच्या जागा करड्या होऊन दिसतात. उजवीकडे एकही दिसेना. ते बघत राहिले, मग चिडले. "ड्रायवर कुठाय? बिनड्रायवरची गाडी उभी केलीया व्हय?"

मी गप्प राहिले. त्यांचं बोट काचेवरून डावीकडे सरकायला लागलं. मधली पट्टी, वायपर, आणि बोटामागोमाग मान. पार पिवळ्या पट्टीपर्यंत गेले, तिथून थोडे मागे आले आणि थांबले.

"हितं हाय की मी!"

खाकी भरली. मग मी एक शब्द न बोलता आरसा, दुसरा हेडलाइट, उरलेला बंपर, सगळं त्यांनीच शोधलं. इतकी वर्षं हे काम करते आहे, पण त्या तासाला मला माझे अश्रू आवरले नाहीत.

एका चित्रानं हा त्रास जात नाही. त्याच दुपारी काकांनी ताटातली उजवीकडची भाजी संपवली आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर तशीच ठेवली. "ह्यांना ठेच्याशिवाय घास उतरत नव्हता," काकू म्हणाल्या. म्हणून पुढच्या चित्रासाठी त्यांच्याकडून ताटाचाच फोटो मागवलाय. बरोबर वरून काढलेला, ठेचा डावीकडे वाढून. हिरवा रंग मी फक्त ठेच्यासाठी राखणार आहे.