सकाळचे 'दोन' वाजले: टांझानियातल्या खेड्यात स्वयंसेवक म्हणून जाण्याआधी

पाणी समितीची बैठक 'सा म्बिली'ला आहे, असा निरोप आला. म्बिली म्हणजे दोन, एवढं स्वाहिली मी शिकून गेले होते. दुपारी दोनला वही घेऊन पोहोचले, तर झाडाखाली रिकामे बाक. बैठक सकाळी आठलाच उरकली होती. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सात वाजले की 'एक', आठ वाजले की 'दोन'. कुणी वेळ सांगितली की सहा तास मिळवा, आणि तरीही 'सकाळी ना?' असं विचारून घ्या.

मी होते इरिंगा भागातल्या एका गावात, सहा आठवडे, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी उताराने गावात आणणाऱ्या नळयोजनेवर. दार-एस-सलामहून बसने साधारण ५०० किलोमीटर. हमरस्ता मिकुमी राष्ट्रीय उद्यानातूनच जातो, त्यामुळे जिराफ खिडकीतूनच बघून झाले. जून-जुलैत या उंचावर रात्री चांगलीच थंडी पडते. आफ्रिका म्हणजे उकाडा, या समजुतीने भरलेली माझी बॅग पहिल्याच रात्री निकामी ठरली. स्वेटर न्या.

कागदपत्रांचं आधी बघा. पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा चालत नाही, मोबदला घेत नसलात तरी. दीर्घ मुक्कामासाठी स्वयंसेवकांना 'क्लास सी' निवास परवाना लागतो. थोड्या दिवसांसाठी काय लागेल आणि त्याचा खर्च कोण करेल, हे यजमान संस्थेकडून लेखी घ्या. 'इथे आलात की बघू' हे उत्तर मिळालं तर तिकीट काढू नका. विमान केनिया किंवा इथिओपियामार्गे असेल तर पीतज्वराच्या लशीचा दाखला जवळ ठेवा. तो लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. विमा हवाच. त्याला तिकडे 'बिमा' म्हणतात, पैशाला 'पेसा', गाडीला 'गारी'. शब्दांचं हे नातं सापडलं की भाषेची भीती निम्मी जाते.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर १ जून २०१९ पासून बंदी आहे. सामान कापडी पिशव्यांत बांधा.

आता खरी तयारी. मी चर खणायला म्हणून गेले होते. नवे बूट, हातमोजे, सगळा थाट. पहिल्या दिवशी एका आजींनी माझ्या हातातून कुदळ काढून घेतली आणि माझ्या चौपट चर खणून दाखवला. खणायला गावात माणसं होतीच. अडत होतं ते हिशेबाशी. नळाची वर्गणी गोळा व्हायची, पण तोटी बिघडली की दुरुस्तीला किती शिल्लक आहे, हे कुणालाच सांगता येत नसे. उरलेले पाच आठवडे मी खजिनदार बाईंबरोबर साधी जमाखर्चाची वही बसवत होते. म्हणून निघण्याआधी संस्थेला तीन प्रश्न विचारा. हे काम गावानं मागितलंय का? माझ्याआधी ते कोण करत होतं? मी गेल्यावर कोण करणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर दुसरा प्रकल्प शोधा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गावात पोहोचल्यावर आधी गावच्या कार्यालयात जाऊन अध्यक्ष आणि 'म्तेंदाजी', म्हणजे सरकारी ग्रामाधिकारी, यांना भेटा. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणायचं, ते 'मराहाबा' म्हणतात. कुणाच्याही दारात 'होदी' अशी हाक द्यायची आणि 'करिबू' ऐकू आल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. बायकांनी गुडघ्याखाली जाणारे कपडे घालावेत. मी तिथेच एक खांगा, म्हणजे छापील सुती कापड, घेतला. गुंडाळायला, पांघरायला, बसमध्ये उशीला, सगळ्याला तोच.

मोबाइलचं सिम बोटांचे ठसे देऊन पासपोर्टवर मिळतं. ते शहरातच घेऊन ठेवा.

हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांनी ठरवून द्याव्यात. मला डॉक्सिसायक्लिन दिली होती. तिने ऊन लवकर बाधतं, टोपी विसरू नका. आणि घरी पोहोचलात म्हणून ती बंद करू नका. हिवतापाचा भाग सोडल्यावरही चार आठवडे रोज घ्यायची असते. माझ्या बरोबरीच्या एकानं विमानतळावरच पाकीट टाकून दिलं आणि तीन आठवड्यांनी तापानं फणफणला.