शीत एकही नव्हतं

डिसेंबरातला सोमवार. सकाळी साडेसातला ओट्याशी गेले तर सिंक रात्रीच्या पाण्याने अर्धं भरलेलं, वर लालभडक तवंग. रविवारी घरी मिसळ झाली होती. नाशकात राहायचं तर ते आलंच. भांडीवाल्या मावशी आल्या आणि मी त्यांच्यावरच घसरले. "मावशी, खरकटं आधी काढून घ्या म्हणून किती वेळा सांगायचं? भाताची शितं जाऊन जाऊन तुंबलंय हे." त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सगळी भांडी टबात भरली, बाथरूममध्ये नेली आणि त्या बर्फासारख्या पाण्यात घासून काढली.

मग घरातले प्रयोग सुरू झाले. आमच्या ह्यांनी मोबाइलवर बघून खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतलं. फसफस झकास झाली, पाणी मात्र तसूभर हललं नाही. सोडा आणि आम्ल एकमेकांना मारून मोकळे होतात, गॅस उडून जातो, उरतं ते जवळजवळ पाणीच. चिकट्याला त्याचं काय सोयरसुतक! दुपारी मी दुकानातून ती तुंबलेला पाइप मोकळा करायच्या पावडरची पुडी आणली. त्यात मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. तो स्निग्ध पदार्थाचा साबण करतो हे खरं, पण त्यासाठी तो चिकट्यापर्यंत पोहोचायला हवा. साठलेल्या पाण्यात टाकल्यावर पाणी गरम झालं, नाकाला झोंबलं, आणि झालं.

मंगळवारी प्लंबरदादा आले. त्यांनी पान्याला हात लावायच्या आधी विचारलं, "ताई, पावडर टाकली का?" मी हो म्हटलं. दादांनी हातमोजे चढवले, आम्हाला लांब उभं केलं. ते पाणी डोळ्यात उडालं तर डोळाच जाऊ शकतो. न सांगता कुणाला पाइप खोलायला लावणं म्हणजे त्याच्याशी वैर. याच पावडरवर कुणी टॉयलेटचं अ‍ॅसिड ओतलं तर उकळी फुटून अंगावर येतं, हेही त्यांनी तेव्हाच बजावलं.

ओट्याखालचा पाइप कंगोरेदार होता, हवा तसा वाकणारा. दादांनी तो काढून बादलीत आपटला. आतून निघाला पांढरा, मेणचट, बोटाएवढा जाड गोळा. प्रत्येक कंगोऱ्यात तोच थर. मधूनमधून बेसनाचा पिवळा गाळ. मावशी दारात उभ्या होत्या. त्या वाकल्या, बादलीत नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, यात शीत कुठाय?"

शीत एकही नव्हतं. तो माझा डालडा होता. दिवाळीत चकल्या, शंकरपाळी, शेव झाल्यावर कढईच्या तळाचं उरलेलं मीच सिंकमध्ये ओतलं होतं, वर गरम पाणी सोडून, म्हणजे सगळं वाहून जाईल या समजुतीने. जातं कुठे? दोन हात पुढे जाऊन गार होतं आणि पाइपला धरून बसतं. डालडा अंगाच्या उबेइतक्या तापमानाला जेमतेम वितळतो, आणि आमच्याकडे थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी त्या पाइपातून जात असतं. दिवाळीचं पाप डिसेंबरात वर आलं, ते असं.

दादांनी कंगोऱ्यांचा पाइप फेकून साधा गुळगुळीत बसवला, खाली उघडता येणारा बॉटल ट्रॅप, म्हणजे पाणी अडवून धरणारं बाटलीसारखं भांडं. त्याची वाटी हाताने फिरवली की निघते. खाली बादली ठेवायची, जुन्या टूथब्रशने घासायचं. मी आता महिन्यातून एकदा उघडते. त्यात नेहमी थोडं पाणी राहतं, ते काढून टाकायचं नसतं बरं का, गटाराचा वास आणि झुरळं तेच अडवतं. नळीला वळण देऊन पाणी अडकवण्याची ही युक्ती जुनी; 1775 मध्ये लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासासाठी तिचं पेटंट घेतलं होतं.

बाथरूमचं दुखणं वेगळं. तिथे केस, आणि बोअरच्या जड पाण्यात साबणाचा होणारा साका. जाळी उचलून आठवड्याला केस काढले की भागतं. बेसिन तुंबलं तर रबरी पंप चालतो, पण वरच्या बाजूचं छोटं भोक ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर सगळा जोर तिथूनच निघून जातो. उकळतं पाणी पीव्हीसीच्या पाइपात ओतू नका, तो मऊ पडतो. आणि एकाच वेळी मोरी, सिंक, संडास सगळंच उलटं यायला लागलं तर घरात खटपट करू नका. दोष खालच्या चेंबरमध्ये आहे.

सासूबाईंचं म्हणणं, पंचवटीतल्या वाड्यात राखेने भांडी घासायचो, मोरी कधी तुंबली नाही. खरंय, राख तेलकट शोषून घेते. पण त्या मोरीचं पाणी सरळ उघड्या गटारात पडायचं. फ्लॅटच्या ट्रॅपमध्ये तीच राख सिमेंटसारखी बसेल. मी हे त्यांना अजून बोललेले नाही.

आता कढई आधी रद्दी पेपरने पुसायची, मगच घासायला टाकायची. उरलेलं तेल गार झाल्यावर दुधाच्या रिकाम्या पिशवीत, तोंड बांधून घंटागाडीत. पहिल्या दिवशी मी कढई पुसत होते, तेव्हा मावशींनी भांड्यांचा ढीग बाजूला सारून मला जागा करून दिली. "सांभाळून ताई," म्हणाल्या, "एखादं शीत जाईल."