मोडी वाचनाची नोंदवही : शिकवू लागल्यानंतरचे अकरा महिने

मोडीचा, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहिलेले आहेत तिचा, छंद लागून मला सहा वर्षे झाली. त्यातली पहिली पाच वर्षे मी एकटाच वाचत होतो आणि महिनाअखेरीस वहीत दोनच आकडे टिपत होतो : किती कागद वाचले आणि तासाला किती ओळी झाल्या. गेल्या जुलैपासून आमच्या साताऱ्यातील एका वाचनालयात दर रविवारी सकाळी दोन तास मी मोडी शिकवू लागलो आणि तेव्हापासून वहीतल्या नोंदींचे स्वरूपच बदलले. ज्यांनी मोडी आपली आपण शिकून घेतली आहे आणि आता कोणाला तरी शिकवावी असे ज्यांच्या मनात येत आहे, त्यांच्यासाठी त्या नोंदी थोड्या विस्ताराने येथे मांडतो.

जुलै

पहिल्या रविवारी आठ जण आले. एक निवृत्त तलाठी, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो; नववीतील एक मुलगी आणि तिची आजी; घरच्या ट्रंकेत सापडलेले कागद पिशवीत घालून आलेल्या कोरेगाव तालुक्यातील एक ताई; अभियांत्रिकीचे दोन विद्यार्थी; आणि जुन्या नोंदी वाचण्याचे काम मिळेल या आशेने आलेले दोन तरुण. २०२३ मध्ये जुन्या कुणबी नोंदींचा शोध मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांची गरज लोकांच्या लक्षात आली आहे. रोजगारासाठी शिकणाऱ्याची एकाग्रता काय असते, ते या दोघांकडे पाहून मला समजले.

सुरुवात कित्त्याने केली. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे, शक्यतो बोरू न उचलता. मोडीचा वेग यातूनच येतो आणि वाचणाऱ्याची अडचणही यातूनच जन्मते, कारण शब्द सुटे नसतात, विरामचिन्हे नसतात आणि वेलांटी-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ कागदावर सारखेच दिसतात. कोणता शब्द घ्यायचा ते वाक्य सांगते.

ऑगस्ट

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपैकी एकाने घरी संगणकावर मोडीची सगळी बाराखडी पाठ केली होती. युनिकोडमध्ये २०१४ साली मोडीचा समावेश झाला, त्यामुळे आता फॉन्ट मिळतात, सरावाचे तक्ते छापता येतात आणि ही सोय मोठीच आहे. पण हाताने लिहिलेला खरा कागद समोर ठेवल्यावर त्याला एक ओळ लागेना. तो खिन्न झाला. मी त्याच्या शेजारी बसून ती ओळ वाचून दाखवली, जसे मी नेहमी करतो : झरझर.

तेव्हा नववीतल्या मुलीने विचारले, “काका, तुम्ही आधी अक्षर ओळखलंत, की आधी शब्द ओळखलात?”

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन मी तीच ओळ पुन्हा घेतली आणि नजर कशी फिरते ते पाहू लागलो. मी अक्षरे वाचतच नव्हतो. ‘मौजे’ दिसले की पुढे गावाचे नाव येणार, मग ‘तर्फ’, मग ‘प्रांत’ येणार, हे सवयीने ठाऊक असल्याने मी आकाराचा नुसता अंदाज घेऊन पुढे सरकत होतो. पाच वर्षे ज्या वेगाला मी प्रगती समजत होतो, तो वेग ओळखीच्या मजकुरापुरताच खरा होता आणि दुसऱ्याच्या हाती देण्यासारखे त्यात काही नव्हते.

पुढचे तीन आठवडे मी स्वतः नवशिक्यासारखा वाचायला बसलो. एक अडखळण झाली की ती वहीत टिपायची : कोणत्या अक्षराशी थांबलो, का थांबलो आणि कशाने सुटलो. या टिपणांतून एक गोष्ट हाती आली. अक्षर लागत नसे तेव्हा मी नकळत बोटाने टेबलावर ते गिरवत असे आणि लिहिणाऱ्याचा बोरू कोठून निघाला, कोठे वळला, कोठे जाऊन शिरोरेषेला मिळाला, हे हाताला कळले की अक्षर सुटत असे. काना अक्षराच्या तळातून वळून वर शिरोरेषेपर्यंत जातो, ही गोष्ट डोळ्यांना एकदम दिसत नाही, पण हाताला लगेच जाणवते. ही माझी जुनीच सवय, पण तिच्याकडे कधी लक्ष गेले नव्हते. पुढच्या रविवारी मी वाचन थांबवून सगळ्यांना न लागलेले अक्षर कागदावर पाच वेळा, लिहिणाऱ्याच्याच क्रमाने, गिरवायला लावले. खिन्न झालेल्या विद्यार्थ्याने त्या दिवशी तीन ओळी लावल्या. आपल्याला काही विशेष येते, असे मला मोडीच्या बाबतीत प्रथमच वाटले; आणि जे येते ते जलद वाचन नव्हते.

सप्टेंबर

गणपतीमुळे दोनच वर्ग झाले.

ऑक्टोबर

शब्द तोडण्याचा सराव. मोडीत सगळ्यांत अवघड काय, असे मला कोणी विचारले तर मी हेच सांगेन. ‘सनदसालाबादप्रमाणेचालवणे’ अशी सलग ओळ घ्या. तारखेसाठी ‘सन’ हा शब्द इतक्या वेळा येतो की नवा वाचक ‘सन’ तोडून मोकळा होतो आणि मग उरलेला ‘द’ घेऊन खोळंबून राहतो. ‘सनद’ ठाऊक असली तरच ओळ उलगडते. म्हणून मी दर आठवड्याला दहा नवे शब्द देऊ लागलो : महजर, कौल, कतबा, फारखत, रोखा, मोर्तब सूद, लेखनसीमा. शब्दार्थ नुसता सांगायचा नाही, तो शब्द कागदात कोणत्या जागी येतो तेही दाखवायचे.

सुहूर सनाचा, म्हणजे त्या कागदांवरच्या कालगणनेचा, पाठ मात्र माझ्या हातून नीट झाला नव्हता. पेशवेकालीन कागदावर वर्ष अरबी संख्याशब्दांत असते : ‘खमस खमसैन मया व अलफ’, म्हणजे पाच, पन्नास, शंभर आणि हजार, मिळून ११५५. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते; मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदासाठी त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००, म्हणजे हे वर्ष इसवी सन १७५४-५५. मी हे शब्द नुसते पाठ करायला दिले होते आणि ते कोणाच्याही लक्षात राहत नव्हते. ‘मयातैन’ म्हणजे दोनशे, हा एक शब्द. तो ‘मया तैन’ असा तोडून शंभराच्या पुढे न समजलेले काहीतरी आहे, असे दोघांनी वाचले.

उपाय मुलीच्या आजींनी सुचवला. त्या म्हणाल्या, “आपण तरी पंचावन्न म्हणताना आधी पाचच म्हणतो ना?” मी थक्क झालो. एकं आधी आणि दहं नंतर, हा क्रम आपल्या जिभेला लहानपणापासून ठाऊक आहे. खमस खमसैन हे पंचावन्नच आहे. त्या दिवशी आजींनी फळ्यावर एकीकडे सलास, अर्बा, खमस आणि दुसरीकडे सलासीन, आर्बैन, खमसैन अशा जोड्या लिहून घेतल्या आणि पाऊण तासात सगळ्यांना तारखा काढता येऊ लागल्या. पानिपतच्या महिन्यातल्या पत्रावर कोणते वर्ष असेल, असे मी विचारले, तेव्हा ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे उत्तर एका तरुणाने कागद-पेन्सिल न घेता दिले. जानेवारी १७६१ म्हणजे ११६१. बरोबर होते.

डिसेंबर

ही नोंद लिहायला मला वेळ लागला. कोरेगावच्या ताईंनी त्यांचे कागद मला नोव्हेंबरातच दाखवले होते. इंग्रजी अमदानीतील मुद्रांक कागदावरचे एक खत होते, टाकाने लिहिलेले, अक्षर स्वच्छ. मी वरून नजर फिरवली, ‘खरेदी’ हा शब्द पाहिला, रक्कम पाहिली, चतुःसीमा पाहिल्या आणि सांगितले की तुमच्या पणजोबांनी हे शेत विकले. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या घरात पणजोबांनी जमीन उडवली असेच बोलले जात आले होते आणि माझ्या वाचनाने त्यावर शिक्का बसला.

ताईंनी मात्र ते खत स्वतः वाचायचे ठरवले. रोज रात्री दोन ओळी, अक्षर गिरवून, वर्गात शिकल्याप्रमाणे. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली आणि ‘खरेदी’च्या आधीचा शब्द बोटाने दाखवला : ‘मुदत’. ते मुदत खरेदीखत होते. ठरलेल्या वर्षांत रक्कम परत केली तर शेत परत मिळेल, अशा बोलीने ते लिहून दिलेले होते. पणजोबांनी शेत विकले नव्हते, अडचणीत पैसे उभे केले होते आणि ते सोडवून घेण्याची वाट राखून ठेवली होती. पुढे काय झाले ते त्या कागदात नाही. ताई एवढेच म्हणाल्या, “आजोबांना हे ऐकायला मिळायला हवं होतं.”

मी औषधाचे दुकान चालवतो. डॉक्टरांची चिठ्ठी वाचताना एका अक्षराची जरी शंका आली तरी अंदाजाने औषध द्यायचे नाही, फोन करून विचारायचे, हा नियम मी पंचवीस वर्षे पाळत आलो आहे. दुकानात जे माझ्या अंगवळणी पडले आहे, ते मी छंदात एक दिवसही वापरले नव्हते. कागद जुना आहे म्हणून चुकीच्या वाचनाने कोणाला इजा होत नाही, असे मी गृहीत धरले होते आणि तसे नसते, हे ताईंच्या चेहऱ्यावर मी पाहिले होते.

जानेवारी ते मार्च

त्या चुकीतून वर्गाची आताची पद्धत तयार झाली. लिप्यंतर करताना तीन पेन्सिली. अक्षर अन् अक्षर लागले असेल तर काळी. अक्षर नीट लागले नाही पण संदर्भाने शब्द ठरवला, तर निळी. नुसता तर्क असेल तर लाल, आणि पुढे प्रश्नचिन्ह. काहीच लागले नाही तर तेवढी टिंबे द्यायची आणि पुढे जायचे. जागा रिकामी राहिली म्हणून वाईट वाटून घ्यायचे नाही. दुसऱ्या आठवड्यात वह्या अदलाबदल करून एकमेकांची लाल आणि निळी अक्षरे तपासायची. काळ्याला हात लावायचा नाही, असा नियम मी आधी केला होता. फेब्रुवारीत तो काढून टाकला, कारण अवघड चुका काळ्यातच लपलेल्या निघाल्या.

एकाच्या वहीतला लाल शब्द दुसऱ्याच्या वहीत काळा असतो, हे पाहण्यात मला फार आनंद मिळतो. कोणत्या वाचकाला कशाची नजर आहे तेही यातून दिसते. ते दोघे तरुण नावे अचूक ओळखतात. आजी जुने शब्द ओळखतात, कारण त्यातले कितीतरी त्यांनी माहेरी ऐकलेले आहेत. आणि कोण कोठे अडखळतो आहे, त्याच्यासाठी कोणता कागद पुढचा योग्य आहे, हे मला आपसूक सुचते; या कामात दोन तास कसे जातात ते मला कळत नाही.

एप्रिल

माझी आवडच पालटली, त्याचे श्रेय अण्णांना आहे. मोडीकडे मी वळलो तो राजकीय पत्रांच्या ओढीने. मोहिमा, खलिते, सरदारांची पत्रे यांपलीकडे मी वाचत नव्हतो. गावचे जमाखर्च हाती आले तर बाजूला ठेवत होतो. अण्णांना पत्रांत रस नव्हता. त्यांची सगळी नोकरी शेतसाऱ्यात आणि सातबाऱ्यात गेलेली. वर्गासाठी मी एका गावखर्चाच्या यादीची छायाप्रत आणली ती केवळ त्यांच्यासाठी.

अण्णांनी ती यादी मलाच समजावून दिली. मथळ्याची रेघ लांबवून तिच्याखाली बाबी कशा मांडल्या आहेत, बितपशील म्हणजे कोणत्या रकमेची फोड, बेरीज कोठे आणि बाकी कोठे. आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ‘१॥’ म्हणजे दीड. मग जमिनीचे माप : वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. मी फळ्यावर मोडी लिहीत होतो आणि अण्णा तिचा अर्थ लावत होते. मारुतीच्या दिव्याचे तेल, वाटेने आलेल्या शिपायाचा शिधा, गोसाव्याला दिलेले चार आणे, चावडीची डागडुजी : एका गावाचे वर्ष त्या चार पानांत होते, आणि हिशेब असल्यामुळे आपले वाचन बरोबर आहे की नाही हे बेरीजच सांगत होती. आमची बेरीज तीन आण्यांनी चुकत होती. शोधता शोधता एका बाबीपुढची पुसट रेघ सापडली, ‘पाव’ म्हणून धरलेली बाब ‘अर्धा’ निघाली आणि चूक चार आण्यांची सुधारली. म्हणजे आणखी एक आणा उलटा कोठेतरी आहे. तो अजून सापडलेला नाही.

मे

रोज रात्री दुकान बंद केल्यावर मी अर्धा तास तीच यादी घेऊन बसतो. राजकीय पत्रांची जुनी फाईल मी मार्चनंतर उघडलेली नाही. अण्णा आणि मी मिळून त्याच गावाच्या पुढच्या वर्षाचा कागद मिळतो का ते पाहणार आहोत, म्हणजे बाकी पुढे कशी ओढली ते तपासता येईल.

जूनमध्ये नवे सहा जण येणार आहेत. त्यांचा कित्ता नववीतली, आता दहावीत गेलेली, ती मुलगी घेणार आहे. बोरू कसा तासायचा ते तिने आजीकडून शिकून घेतले आहे. ताईंनी घरातले आणखी दोन कागद लावायला घेतले आहेत. त्यातला एक मी अजून पाहिलेला नाही. आधी स्वतः वाचते, मग दाखवते, असे त्यांनी मला सांगितले आहे.